सुपरकार पोसायचा खरा हिशोब: लिटरपासून कॅलेंडरपर्यंत

पंपावर गाडी थांबली की नळी हातात घेतलेला पोरगा आधी विचारतो, "साहेब, अ‍ॅव्हरेज काय देते?" गाडी माझ्या शाळासोबत्याची आहे. लॅम्बोर्गिनी हुराकान, वापरलेली घेतलेली. तिच्या खर्चाची वही मात्र माझ्याकडे असते, कारण तो धंद्यात बुडालेला आणि मी आयुष्यभर आकड्यांत. पोराला आम्ही खरं तेच सांगतो: शहरात पाच-साडेपाच, हायवेला शांत चालवली तर आठ. तो हळहळतो. वही उघडली की मात्र पेट्रोलचा रकाना अगदी बारीक दिसतो.

आपल्याकडे हल्ली वापरलेल्या सुपरकारचा बाजार बराच मोठा झाला आहे. नवी हुराकान ज्यांना कधी परवडली नसती, असे लोक आज सात-आठ वर्षं जुनी गाडी बघायला जातात. हत्ती विकत घेता येतो, चाऱ्याचा हिशोब मात्र घरी आणल्यावर सुरू होतो. हा हिशोब गाडी घेण्याआधी कसा मांडायचा, ते इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरणाला हुराकान घेतो, कारण तिची वही माझ्यासमोर आहे. लागेल तिथे फेरारी आणि पोर्शंचे दाखले देतो.

पायरी १: छापील अ‍ॅव्हरेज आपल्या भाषेत आणा

या गाड्यांचे सर्वांत उपयोगी आकडे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे. ते मैल प्रति गॅलनमध्ये असतात. त्याला ०.४२५ ने गुणलं की किलोमीटर प्रति लिटर मिळतं. युरोपातले आकडे उलटे, १०० किलोमीटरला किती लिटर असे असतात. तिथे १०० ला त्या आकड्याने भागायचं.

२०१४ मध्ये आलेल्या हुराकान एलपी ६१०-४ चा ईपीए आकडा शहरात १४ आणि हायवेला २० मैलांच्या आसपास आहे. म्हणजे सहा आणि साडेआठ. त्याच गाडीचा युरोपातला जुना अधिकृत आकडा १०० किलोमीटरला १२.५ लिटर, म्हणजे लिटरला आठ. युरोपातली ती जुनी चाचणी फार सौम्य होती, त्यामुळे खरेदीचा हिशोब तिच्यावर कधी मांडू नका. ईपीएचा शहराचा आकडा घ्या आणि मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकसाठी त्यातून अर्धा किलोमीटर वजा करा. आमच्या वहीशी हे जुळतं.

तुलनेला पोर्शं ९११ कॅरेरा पाहा. २०२० च्या मॉडेलचा ईपीए आकडा शहरात १८, हायवेला २४. म्हणजे साधारण साडेसात आणि दहा. रोज चालवायची स्पोर्ट्स कार हवी असेल तर लोक ९११ कडे का वळतात, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. दुसरं टोक बुगाटी वेरॉनचं. ताशी ४०० किलोमीटरच्या वर ती पूर्ण वेगाने पळवली तर १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत संपते, असं सांगितलं जातं. त्या १२ मिनिटांत गाडी ऐंशी-एक किलोमीटर जाईल. म्हणजे लिटरला एक किलोमीटरसुद्धा नाही.

पायरी २: आपल्या गाडीचं स्वतः मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा हिशोबाला धरू नका. तो बहुधा थोडा उदार असतो. टाकी फुल करा. नळी पहिल्यांदा आपोआप 'टक्' करून थांबली की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. ओडोमीटर लिहून घ्या. पुढच्या वेळी त्याच पंपावर, जमलं तर त्याच नळीवर, पुन्हा पहिल्या टक्पर्यंत भरा. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या.

शहराची आणि हायवेची टाकी वेगळी मोजता आली तर उत्तम. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. पहाटे निघून, घाट सोडून ताशी १०० ची मर्यादा पाळली की हायवेचा आकडा स्वच्छ मिळतो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजा. बोरघाट एका बाजूने चढ आहे, दुसऱ्या बाजूने उतार.

गाडी एवढं पेट्रोल का पिते, हे समजलं तर चालवण्यात फरक पडतो. ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन ६१० अश्वशक्तीसाठी घडवलेलं आहे. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला त्यातली जेमतेम पंधरा-वीस लागते. मग हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिन नाक दाबून श्वास ओढावा तसं हवा ओढत राहतं. दहा पिस्टनचं घर्षण शिवाय आहेच. म्हणून ही गाडी हळू चालवली तरी छोट्या गाडीसारखं अ‍ॅव्हरेज देत नाही. सिग्नलला उभी असेल तेव्हा तर अ‍ॅव्हरेज शून्य. नंतरच्या हुराकानमध्ये कमी ताणावर पाच सिलिंडर बंद ठेवायची सोय आली. घेताना ती आहे का, विचारा.

हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. शहरात 'स्ट्राडा', म्हणजे साध्या रस्त्याचा मोड आणि गिअर ऑटोवर ठेवा. गिअरबॉक्स लवकर वरचे गिअर घेतो आणि इंजिनाचे फेरे निम्म्यावर येतात. टायरमधली हवा थंड टायरवर दर पंधरा दिवसांनी तपासा. आणि पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या टाळा. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, आणि मोठ्या इंजिनातलं आठ-दहा लिटर तेल गरम व्हायला वेळ लागतो. नुसतं दूध-पाव आणायला ही गाडी काढणं पेट्रोलपेक्षा इंजिनाला महाग पडतं.

पायरी ३: पेट्रोल कोणतं?

हुराकानच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, १२.७ ला १ आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची ताकद. इतक्या दाबाखाली कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटू पाहतं. गाडीचा सेन्सर ते ओळखतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, ताकद आणि अ‍ॅव्हरेज उतरतं. म्हणून टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला ऑक्टेन आकडा शोधा आणि त्याच्या खाली जाऊ नका.

इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचं एक्सपी१०० काढलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. ते इथेनॉलविरहित म्हणून विकलं जातं, आणि माझ्या दृष्टीने त्याची खरी किंमत तिथे आहे. साधं पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते हवेतलं पाणी शोषतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी आठवड्यात संपते, काळजी नसते. पण पावसाळ्यात चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पेट्रोल तसंच बसतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील तर त्यासाठी बनलेलेच नाहीत.

फरक किती पडतो? वर्षाला ३,००० किलोमीटर, लिटरला साडेपाच धरले तर ५४५ लिटर लागतं. साधं १०४ रुपयांनी धरलं तर सुमारे ५७,०००. शंभर ऑक्टेनचं १६० ने धरलं तर ८७,०००. वर्षाला तीस हजार वाचवायला या इंजिनात कमी प्रतीचं पेट्रोल घालू नका. पुढच्या पायऱ्या वाचल्यावर तीस हजार किती लहान रक्कम आहे, ते दिसेल.

पायरी ४: टायरजवळ खाली बसा

हे मी स्वतः शिकलो. मित्रासाठी गाड्या बघत फिरत होतो तेव्हा एका विक्रेत्याने पिवळ्या रंगाची गाडी दाखवली आणि म्हणाला, "टायर नवेच आहेत, बघा ना, नक्षी कशी आहे." नक्षी खरोखर पूर्ण होती. मी मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसलो. टायरच्या बाजूवर 'DOT' (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तिथे होतं १४१६. म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. आम्ही उभे होतो २०२२ मध्ये. रबरावर नख दाबलं तर ते आत जात नव्हतं आणि नक्षीच्या तळाला केसासारख्या बारीक भेगा होत्या. गाडी चाललीच नव्हती, म्हणून नक्षी शाबूत. ६१० अश्वशक्ती अशा टायरवर ओल्या रस्त्यात उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

तेव्हा चारही टायरचे आकडे वाचा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, नवा संच खरेदीच्या किमतीतून वजा करून मागा. मग मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. या गाड्यांची चाकं आतल्या बाजूला किंचित कललेली असतात, त्यामुळे बाहेरून टायर धडधाकट दिसतो आणि आतून तारा दिसायच्या बेतात असतो.

हुराकानला मागे ३०५/३० आर२० मापाचे टायर लागतात. हे माप कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नसतं. शिवाय कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या टायरवर खूण असते: लॅम्बोर्गिनीसाठी 'एल', पोर्शंसाठी 'एन' आणि एक आकडा, फेरारीसाठी 'के', मॅकलारेनसाठी 'एमसी'. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे-मागचे वेगळ्या जातीचे टायर घातले तर चाकांच्या फेऱ्यांचं गणित बिघडतं आणि त्याचा ताण गिअरबॉक्सच्या बाजूला जातो.

पायरी ५: त्या मॉडेलचा मोठा खर्च शोधा

प्रत्येक सुपरकारचं एक दुखणं असतं. ते मॉडेलप्रमाणे बदलतं. गाडी बघायला जाण्याआधी ते पाठ करून जायचं.

हुराकानच्या आधीची गॅलार्डो घ्या, २००३ ते २०१३. तिच्या ई-गिअरमध्ये क्लच पेडल नाही, पण आत क्लच एकच आणि साधा आहे, फक्त तो यंत्र दाबतं. दादरच्या पुलावर इंचाइंचाने सरकताना तो अर्धवट लागलेला राहतो आणि जळतो. एकाचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो, दुसऱ्याचा एका हौशी वर्षात संपतो. वर्कशॉपच्या संगणकावर क्लच किती झिजला ते टक्क्यांत वाचता येतं. गॅलार्डो घेताना तो कागद मागितलाच पाहिजे. हुराकानमध्ये तेलात बुडालेले दोन क्लच आले आणि ही काळजी बरीच कमी झाली. माझ्या मते वापरलेल्या लॅम्बोर्गिनीत थोडे जास्त पैसे देऊन हुराकान घ्यावी, याचं सर्वांत मोठं कारण हेच.

फेरारीत टायमिंग बेल्ट बघा. एफ३५५ मध्ये बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये भेट मिळालेली ३६० मोडेना आठवत असेल. त्या मॉडेलमध्ये सीटच्या मागची पट्टी काढून आतूनच बेल्टपर्यंत हात जातो, त्यामुळे मजुरी पुष्कळ उतरली. एफ४३० मध्ये बेल्ट जाऊन चेन आली. बेल्ट तीन ते पाच वर्षांत बदलायचा असतो आणि तो किलोमीटर विचारत नाही. दहा वर्षांत चार हजार किलोमीटर धावलेली ३६० दिसली तर खूश होऊ नका, आधी बेल्टची पावती मागा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात.

जुन्या ९११ आणि बॉक्स्टरमध्ये, ढोबळमानाने १९९७ ते २००८, इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग बघायचं. ते फुटलं तर इंजिन गेलं. ते बदललंय का आणि केव्हा, एवढा एक प्रश्न विचारला तरी विक्रेत्याला गाडीची किती माहिती आहे ते कळतं.

ब्रेक सगळ्यांनाच लागू. एलपी ६१०-४ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क येतात. रस्त्यावर त्या अतिशय टिकाऊ असतात, ट्रॅकवर सतत तापल्या की आतून जळत जातात. लोखंडी डिस्कची जाडी मोजतात, सिरॅमिकचं वजन करतात, कारण जळालेला कार्बन जाडीत दिसत नाही. किमान वजन डिस्कवरच कोरलेलं असतं. गाडी ट्रॅकवर गेली असल्याचा संशय असेल तर डिस्क काढून काट्यावर ठेवायचा आग्रह धरा. चार डिस्कचा खर्च एखाद्या नव्या हॅचबॅकला भारी पडू शकतो.

अतिदुर्मीळ गाड्यांमध्ये तर अवजारंही जपावी लागतात. १०६ च बनलेल्या मॅकलारेन एफ१ ची तपासणी करायला कंपनीने नव्वदच्या दशकातले कॉम्पॅकचे लॅपटॉप सांभाळून ठेवले होते, कारण गाडीशी बोलणारं कार्ड त्यांतच चालायचं.

पायरी ६: नंबर प्लेट आणि विमा

हे थोडक्यात. महाराष्ट्रात परदेशातून तयार आलेल्या गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, आणि कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. म्हणून बऱ्याच गाड्यांवर दुसऱ्या राज्यांचे नंबर दिसतात. अशी गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि वयाप्रमाणे कमी होत जाणारा कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज वेगळा आणि चपला झिजवणारा. जुन्या राज्याच्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विम्यात थर्ड पार्टीचा भाग किरकोळ: १,५०० सीसीवरच्या कुठल्याही खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, हुराकान असो की जुनी इनोव्हा. खरी रक्कम गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची, आणि ती घोषित किमतीवर ठरते. हप्ता कमी करायला किंमत खाली दाखवू नका. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली की हा मोह महागात पडतो. झिरो डेप्रिसिएशन (भागांची झीज न कापता भरपाई) आणि इंजिन संरक्षण, दोन्ही घ्या. २६ जुलै २००५ नंतर पाण्यात चालू केलेलं इंजिन म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.

पायरी ७: आता वही मांडा

वही दोन रकान्यांची. पहिल्यात गाडी हलली नाही तरी होणारे खर्च: विमा, वार्षिक सर्व्हिस, घसारा, वयामुळे बदलायच्या वस्तू. दुसऱ्यात चालवल्यावर होणारे: पेट्रोल, टायर, ब्रेक, टोल. पुढचे आकडे पद्धत दाखवायला धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे घालून घ्या.

वर्षाला ३,००० किलोमीटर. विमा ४ लाख, सर्व्हिस ३ लाख, अचानक दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ३ लाख. टायरचा संच अडीच लाखांचा आणि १२,००० किलोमीटर चालणारा, म्हणजे वर्षाला साधारण ६२,०००. पेट्रोल ८७,०००. बेरीज साडेअकरा लाख, किलोमीटरला ३८३ रुपये. त्यात पेट्रोल २९ रुपये. गाडीची किंमत वर्षात १५ लाखांनी उतरली तर किलोमीटर ८८३ रुपयांचा होतो आणि पेट्रोलचा वाटा शंभरात सव्वातीन.

आता तीच गाडी ६,००० किलोमीटर चालवा. विमा आणि सर्व्हिस तेवढंच. दुरुस्ती साडेतीन लाख, टायर सव्वा लाख, पेट्रोल पावणेदोन लाख. बेरीज साडेतेरा लाख, म्हणजे किलोमीटरला २२५ रुपये. घसारा १६ लाख धरला तरी ४९२.

मित्राला हे पान दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. पहिलं वर्षभर पेट्रोलच्या आकड्याला बिचकून त्याने गाडी झाकून ठेवली होती. त्या वर्षात ती ९०० किलोमीटर चालली आणि आमच्या वहीतला सर्वांत महाग किलोमीटर त्याच वर्षातला आहे. आता दर दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला गाडी बाहेर पडते.

दुरुस्तीचे तीन लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि न लागल्यास पुढच्या वर्षी नेऊ द्या. सुटा भाग परदेशातून यायला आठवडे लागतात, आणि गाडी नाशिकला किंवा कोल्हापुरात असेल तर मुंबईच्या वर्कशॉपपर्यंत फ्लॅटबेडचं भाडंही त्यातच धरायचं. चारही चाकं उचलणाराच ट्रक मागवा. पुढची चाकं उचलून ओढणाऱ्याला फोर व्हील ड्राइव्ह गाडीला हात लावू देऊ नका.

पायरी ८: पावसाळ्यात उभी करताना

टाकी इथेनॉलविरहित पेट्रोलने काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. तेल जुनं झालं असेल तर उभी करण्याआधी बदला, नंतर नको. टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादेत हवा थोडी जास्त ठेवा, नाहीतर एका जागी चपटे होतात. बॅटरीला मेंटेनन्स चार्जर, म्हणजे ती सतत भरलेली ठेवणारा चार्जर लावा. या गाड्या उभ्या असतानाही थोडी वीज खात राहतात, आणि बॅटरी मेली की दरवाजे आणि पुढचं झाकण उघडण्यापासून अडचण सुरू होते. हँडब्रेक सोडून चाकाला अडसर (उटी) लावा.

आणि उंदीर. इंजिनाजवळची ऊब आणि वायरीचं आवरण, दोन्ही त्यांना आवडतं. कव्हर जमिनीपर्यंत लोळू देऊ नका, आठवड्यातून एकदा झाकण उघडून टॉर्चने वायरीच्या जुडग्यांवरून नजर फिरवा, आणि लेंड्या दिसल्या तर इंजिन चालू करण्याआधी मेकॅनिकला बोलवा.